चिंचोक्यांचं गाडगं पालथं घातलं

मी कधी बंदूक हातात धरली नाही. मारलेला रोही, म्हणजे नीलगाय, एकदाच पाहिला, बैलगाडीतून मान लोंबकळत चाललेला. पुन्हा पाहावा असं वाटलं नाही. तरीही सात-आठ वर्षं शिकारीचं परमिट कुणाला लागण्यासारखं आहे आणि कुणाला नाही, हे विचारायला आसपासच्या गावांतले बंदूकवाले माझ्या ओट्यावर यायचे. तो उद्योग मी बंद केला त्याला आता काही वर्षं झाली. सुरुवात कशी झाली ते पुसट आठवतं. शेवट मात्र स्वच्छ आठवतो, कारण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं.

मी केनवडला शाळेत गणित शिकवायचे, अजूनही शिकवते. नवरा तालुक्याच्या गावी जंगल खात्याच्या रेंज ऑफिसात कारकून. पावसाळा सरला की शिकारीसाठी जंगलाचे भाग मोकळे व्हायचे. त्यांना ब्लॉक म्हणत. आमच्या लोकांच्या कामाचे ब्लॉक दोन, एक किन्हीराजाच्या बाजूचा आणि एक रिठदच्या बाजूचा. प्रत्येक ब्लॉकचे परवाने थोडेच, आणि एका माणसाला एकाच ब्लॉकसाठी अर्ज करता येई. अर्ज परवान्यांपेक्षा जास्त आले, तर नावांच्या चिठ्ठ्या पितळी घागरीत टाकून रेंजर साहेबांसमोर काढायच्या. कमी आले, तर सगळ्यांना सरळ परवाना. घागरीत टाकायच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्या नवऱ्याकडे होतं. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक शेतकरी राहतात. वडिलांच्या वेळची एकनळी बंदूक त्यांच्याकडे होती. सारं गाव त्यांना दादा म्हणतं, मीही म्हणते. एका दिवाळीच्या सुमारास ते आमच्या दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, तीन वर्सं झाले, माह्यी चिठ्ठीच नाही निघून राह्यली. तुमचे मालक माह्यं नाव लिहितात तरी का?"

"लिहितात, दादा."

"मंग निघत काहून नाही?"

मी नुकतीच शाळेतून आले होते आणि पिशवीत मुलांना अपूर्णांक शिकवायचं गाडगं होतं. त्यात चिंचोके असत. काही जसेच्या तसे, काही दगडावर घासून एका अंगानं पांढरे केलेले. मी दादांना ओट्यावर बसवलं, जेवढे लोक अर्ज करतात असं ते सांगत होते तेवढे चिंचोके गाडग्यात टाकले, परवाने असतील तेवढे पांढरे त्यांत मिसळले आणि एका चिंचोक्याची घासलेली बाजू शाईनं रंगवून तो दादांचा केला. "हा तुम्ही. परवाने असतील तितके चिंचोके काढा आणि तुम्ही त्यात येता का बघा," म्हटलं. मग लक्षात आलं की परवाने दाखवायला वेगळ्या पांढऱ्यांची गरजच नाही. ते बाजूला ठेवले. दादा डोळे मिटून काढू लागले. काढायचे, पाहायचे, परत टाकायचे. बराच वेळ ते स्वतःला सापडलेच नाहीत. मग एकदा सापडले, आणि पुन्हा बराच वेळ नाही.

"म्हणजे माह्यावर कोणी डूख नाही धरून राह्यलं," ते शेवटी म्हणाले.

"नाही. गर्दी जास्त आहे, एवढंच."

त्यांचं समाधान झालं आणि ते उठून गेले. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांना घेऊन आले.

हे असं सुरू झालं. पोळा झाला की लोक चौकशी करू लागत आणि चिठ्ठ्या निघेपर्यंत ओटा रिकामा राहत नसे. चिंचोके काढणं सोपं होतं. खरी मेहनत यंदा किती लोक अर्ज करतील याचा अंदाज बांधण्यात होती. ती मी बाजारात करायची. भाजी घेता घेता कुणाच्या घरी लग्न आहे, कुणाचा गुडघा धरलाय, कुणाची बंदूक ठाण्यात जमा आहे, कुणाचा जावई हौशी आहे, हे विचारून घ्यायची. लग्नघर असलं की माणूस त्या वर्षी शिकारीला जात नाही, पण त्याचा भाऊ नक्की जातो. हे सगळं डोक्यात असायचं आणि तोंडी सांगून व्हायचं. अंदाज बऱ्यापैकी जमत. मला त्यात मजा येत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. शाळेत अपूर्णांक कुणालाच नको असत. इथे मोठे मिशीवाले लोक त्यासाठी चपला काढून बसत.

आमचं घर दीक्षा घेतलेलं. ओट्यावरून आत पाहिलं की भिंतीवरचा बुद्धाचा फोटो समोर दिसतो. बंदुका बहुतेक जमिनीवाल्या घरांत. पहिल्या वर्षी त्या मंडळींचा चहा नेमका घरून होऊन यायचा. मी आग्रह केला नाही. पण चिंचोके काढायला वेळ लागतो, घसा कोरडा पडतो. दुसऱ्या वर्षी दादांनी स्वतःहून कप उचलला आणि मग बाकीच्यांचाही घरचा चहा बंद झाला. चहापत्ती जास्त लागू लागली, एवढी नोंद मी घेतली.

नवऱ्यानं मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं. "तुले करायचं ते कर. मी ऑफिसातलं एक अक्षर सांगणार नाही आन् तू विचारायचं नाही." मी कधी विचारलं नाही. ओट्यावर माणसं असली की तो मागच्या दारानं घरात यायचा आणि परसात सायकल पुसत बसायचा. त्या दिवसांत आमच्याइतकी चकचकीत सायकल गावात दुसरी नव्हती. हंगामभर त्याला स्वतःच्या ओट्यावर बसता येत नसे. त्यानं तक्रार केली नाही, म्हणून मीही त्याचा विचार केला नाही.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी बाजारातल्या बोलण्यावरून मला स्पष्ट दिसत होतं की बहुतेकांचा डोळा रिठदच्या ब्लॉकवर आहे. तिकडे काळवीट जास्त आलेत अशी हवा होती. किन्हीराजाकडे फारसं कुणी जाणार नव्हतं. तेव्हा जो येईल त्याला मी हेच सांगितलं, किन्हीराजाचा अर्ज करा, तिकडे गर्दी नाही. एकाला सांगितलं, दुसऱ्याला सांगितलं, महिनाभर सांगत राहिले. प्रत्येकाला सांगितलेलं खरं होतं. पण हिशेबात मी सगळ्या तालुक्याला धरलं होतं, फक्त माझ्या ओट्यावर येणाऱ्यांना धरायचं राहिलं होतं.

चिठ्ठ्यांच्या दिवशी किन्हीराजाच्या घागरीत हात घालायला जागा नव्हती. रिठदच्या ब्लॉकला परवान्यांपेक्षाही कमी अर्ज आले होते, त्यामुळे तिथे चिठ्ठ्या काढाव्याच लागल्या नाहीत. ज्यांना असं आयतं परमिट मिळालं, त्यांत माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ होता. तो रिठदचाच. मला त्यानं कधी काही विचारलं नव्हतं. चिंचोके काढून शिकार होते का, म्हणून तो माझी थट्टाच करायचा. दर वर्षी जवळचा म्हणून रिठदचा अर्ज करायचा, तसाच त्या वर्षीही केला होता.

पण लोकांना जे दिसलं ते वेगळं. कारकुनाच्या बायकोनं सगळ्यांना एका बाजूला हाकललं आणि कारकुनाच्या भावाला दुसऱ्या बाजूला मोकळं रान मिळालं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच म्हटलं असतं. आठवड्याभरात साहेबांकडे तक्रार गेली. पाच-सहा जणांचे अंगठे आणि सह्या होत्या. त्यांतल्या तिघांनी माझ्याकडे चहा प्यायला होता.

रेंजर साहेब स्वतः जीप घेऊन आमच्या घरी आले. तरुण होते, बाहेरगावचे, आवाज चढवणारे नव्हते. खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही नेमकं काय करता ते मला दाखवा." नवरा कोपऱ्यात उभा होता. गल्लीतले लोक कुंपणापाशी जमले होते, दादाही होते. मी गाडगं आणलं. दहा चिंचोके टाकले, त्यातला एक पांढरा. म्हटलं, "हा पांढरा म्हणजे तुम्ही. दहा अर्ज, एक परवाना. बहुतेक वेळा तुम्ही निघणार नाही."

साहेबांनी हात घातला. पांढरा निघाला. परत टाकून पुन्हा काढला. पुन्हा पांढरा.

कुंपणापासून कुणीतरी म्हणालं, "साहेबायचं बरं हाये बुवा. त्यायले दर खेपेले भेटून राह्यलं." लोक हसले. दादा तोंड फिरवून खोकल्याचं सोंग करू लागले.

"आणखी काढा," मी म्हटलं.

"किती वेळा?"

"संध्याकाळपर्यंत काढलंत तर पटेल."

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी हात रुमालाला पुसला. "बाई, तुमचं मला पटलंय. कॉलेजात हे मी शिकलोय. पण उद्या वरून विचारणा झाली तर मी काय चिंचोके पाठवू? वरच्यांना एवढंच कळेल की कारकून चिठ्ठ्या लिहितो आणि त्याची बायको कोणाला लागेल ते सांगते. या वेळी मी मिटवतो. पुन्हा तक्रार आली तर यांची मेळघाटात बदली करावी लागेल. माझा इलाज राहणार नाही."

मेळघाट म्हणजे काय ते आम्हा दोघांना माहीत होतं. नवऱ्याला दमा आहे. पहिल्याच हिवाळ्यात त्याला तिथला गारठा मानवला नसता. माझी शाळा इथे, थोरली मुलगी शालान्त परीक्षेच्या वर्षाला. तो तिकडे एकटा डोंगरात आणि आम्ही इकडे. मी साहेबांना त्याच जागी सांगितलं, "आजपासून बंद." साहेब गेल्यावर नवरा परसात गेला आणि सायकल पुसू लागला, ती पुसलेलीच होती.

बंद करणं माझ्या हातात आहे असं मला वाटत होतं. पुढचा हंगाम आला आणि कळलं की तसं नाही.

लोक येतच राहिले. मी दारातूनच सांगायची, "मी काही सांगत नाही." ते मान हलवायचे, जणू काही मी बरंच सांगितलं. एक जण दुसऱ्याला म्हणताना मी ऐकलं, "बाई सांगत नाही म्हणजे यंदा किन्हीराजाकडे कायतरी गडबड हाये." दुसऱ्यानं विचारलं, "किन्हीराजाकडेच काहून?" तर पहिला म्हणाला, "मागच्या खेपी तिकडूनच फसल्या होत्या ना, मंग आता त्याचं नाव कशा काढतीन." माझं न बोलणंही त्यांनी हिशेबात धरलं होतं. मी बाजारात जाणं कमी केलं. तर म्हणे, बाई यंदा बाजारात दिसत नाहीत, म्हणजे त्यांचं ठरून झालंय.

एका सकाळी दादा आले. हसू दाबत होते ते मला दिसत होतं.

"बाई, एक विचारू? रागावू नोका."

"दादा, मी काही सांगत नाही."

"सांगू नोका. तुमी सांगून बसल्या ते विचाराले आलो. रिठदचं नक्की ना?"

"काय रिठदचं?"

त्यांनी कुंपणाकडे बोट केलं. चिंचोके डब्यात काढून ठेवून मी ते गाडगं धुतलं होतं आणि विरजणाला वापरावं म्हणून वाळायला कुंपणाच्या खुंटावर पालथं घातलं होतं. ते कुंपण रिठदच्या वाटेकडचं. दुसऱ्या बाजूला खुंटच नव्हता, म्हणून तिथे घातलं.

"तीन दिवस झाले लोक पाहून राह्यले," दादा म्हणाले. "बाईनं तोंडानं नाही सांगतलं, पण गाडगं तिकडं लावलं. सगळे रिठदचे अर्ज भरून राह्यले."

मी ताडकन उठून गाडगं आत आणलं. दादा ओट्यावरच होते. म्हणाले, "आता तं लोक म्हनतीन, बाईनं निशाणी काढून घेतली, म्हणजे पक्कंच झालं."

"तुम्ही कुठला भरला?"

"रिठदचा," ते म्हणाले. मग थोडं ओशाळून, "मी बी पाह्यलं होतं ना."

दुसऱ्या दिवशी मावसभाऊ रिठदहून सायकल हाणत आला. ओट्यावर बसायच्याही आधी म्हणाला, "वहिनी, तुमी लोकायले माह्या अंगावर कायले धाडून राह्यल्या? मागच्या खेपेले फुकट भेटलं तं लोकायनं मले शिव्या देल्ल्या. आता त्याच लोकायच्या गर्दीत माह्यी चिठ्ठी कुठी निघन?"

"मी कुणालाही पाठवलेलं नाही. गाडगं वाळत घातलं होतं."

"गाडगं घरात वाळत नाही का?"

मी त्याला चहा दिला आणि जायला सांगितलं.

त्या संध्याकाळी नवरा ऑफिसातून आला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःहून ऑफिसातलं सांगितलं. "रिठदच्या अर्जांचा ढीग झाला. किन्हीराजाचे कितीक आले ते दिसूनच राह्यलं. किन्हीराजाले ज्यायचे अर्ज हायेत, त्यांत तुह्या शाळेतल्या शिपायाचा सासरा हाये." त्याला पुढचं सांगायची गरज नव्हती. या खेपेला आयतं परमिट शिपायाच्या सासऱ्याला मिळणार, आणि शिपाई माझ्या शाळेतला. तक्रार कोणत्या शब्दांत लिहिली जाईल ते मला त्या क्षणी पाठ सांगता आलं असतं. मी पेटी उघडून त्याचा लोकरी कोट बाहेर काढला. कसर लागली होती. रफू करायला घेतला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

शिकारीवर सरकार कायदा करणार, केला, असं रेडिओवर आधी ऐकलं होतं. पण रेडिओवर पुष्कळ काही ऐकू येतं. नवऱ्याच्या ऑफिसात तो कागद पोचला तो अर्ज भरून झाल्यावर, चिठ्ठ्या काढायच्या आठवड्यात. शाळेला सुट्टी होती आणि मी घरीच होते, तेव्हा नवरा भरदुपारी आला. दुपारी तो कधीच येत नसे. त्याच्या हातात कागदांची गुंडाळी होती.

"बदली?" मी विचारलं.

"नाही. परमिट बंद. ब्लॉक बंद. चिठ्ठ्याच नाहीत काढायच्या. सगळे अर्ज परत." तो खाटेवर बसला आणि गुंडाळी मांडीवर ठेवली. "या नोटिसा आजच्या आज गावोगाव डकवायच्या. आन् ऑफिसातला डिंक संपला. खळ करून देतं का?"

जनावरांसाठी मला आनंद झाला असं लिहिलं तर ते चांगलं दिसेल. जनावरं त्या क्षणी माझ्या डोक्यातसुद्धा नव्हती. मेळघाट गेला, एवढंच होतं. मी हातातला कोट सुईसकट खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

खळ करायला चिंचोके लागतात. डब्यात होतेच, गाडग्यातून काढून ठेवलेले. काळे, पांढरे, आणि तो शाईचा, म्हणजे दादा. सगळे तव्यावर भाजले, टरफलं पाखडली, जात्यावर दळले आणि पिठाची पातळ लापशी शिजवली. शाईचाही त्यातच गेला. वेगळा काढून ठेवावा असं मनात आलं नाही. जुन्या घासलेल्या चिंचोक्यांची खळ चिकट होईल का याची शंका होती. उत्तम झाली. नवरा डबा सायकलला अडकवून गेला. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आणि माझ्या शाळेच्या दारावर त्यानं डकवलेल्या नोटिसा पुढच्या पावसाळ्यापर्यंत निघाल्या नाहीत.

संध्याकाळी दादा नोटीस वाचून आले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याइतका आनंद नव्हता. माणूस बंदुकीचा हौशी, शिवाय रानडुकरं त्यांच्या हरभऱ्यात येतात.

"संपलं म्हणा तुमचं," ते म्हणाले.

"संपलं."

"मंग आता काय हिशेब कराल?"

"काही नाही. मुलांच्या वह्या तपासीन."

मग दादा अंगणाकडे पाहत म्हणाले, "बाई, आमच्या सूनबाईचे दिवस भरत आले. पोट्टा होईन का पोट्टी, त्याचं काही गाडग्यात…"

"दादा, उठा."

ते उठले नाहीत. हसले आणि म्हणाले, "चहा तं पाजसान."

मी चहा ठेवला. नवरा नोटिसा डकवून परत आला तो समोरच्या दारानं, हाताला खळ वाळलेली. दादांना पाहून तो नेहमीसारखा परसाकडे वळणार होता. मग थांबला. वळायचं काही कारण उरलं नव्हतं. त्यानं सायकल तशीच धुळीची भिंतीला टेकवली आणि दादांच्या शेजारी ओट्यावर बसला. मी तिसरा कप काढला.